शांभवीचा समुद्रगाळ

गडहिंग्लजच्या कापडदुकानदाराची मुलगी शांभवी कोल्हापुरात राहून समुद्रतळाच्या गाळावर संशोधन करायची. वडील बसलिंगाप्पांना ते कधी पटलं नाही. “चिखलच बघायचा तर आपल्या रानात काय कमी हाय व्हय?” ते विचारायचे.

गाळ आणायला गेली तेव्हा जहाजावर उलट्या करून ती अर्धमेली झाली होती. तरी अरबी समुद्रातून वर आलेल्या, गाळानं भरलेल्या नळ्या तिनं स्वतः हवाबंद केल्या. मेलेले जीव तळाशी साचतात. प्राणवायू संपला की तिथले जिवाणू पाण्यातल्या सल्फेटवर जगतात, त्यातून सडक्या अंड्यासारखा वास मारणारा वायू निघतो, आणि तो लोहाशी मिळून गाळ काळा करतो. किती खोलीवर गाळ किती बदलला, हे तिला थराथरानं मोजायचं होतं. त्यात तिची पस्तिशी उलटली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तिनं प्रयोगशाळेचं दार उघडलं आणि तोच वास अंगावर आला. नळ्या ठेवलेल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर जळाला होता. झाकणं सैल होऊन आत हवा शिरली होती, काळा गाळ गंजासारखा तांबूस पडला होता. आता तो मोजून उपयोग नव्हता.

मार्गदर्शक अमरसिंह सर म्हणाले, “वरचे थर मोजून झालेत न्हवं? खालचे आकडे अंदाजानं भर की. कोण बघतंय?”

वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं. “नाही जमणार, सर,” एवढंच बोलून ती खोलीवर गेली आणि चप्पलसुद्धा न काढता आडवी झाली. मग तिनं घरी फोन लावला. “अप्पा, सगळा गाळ गेला.”

दुसऱ्या दिवशी बसलिंगाप्पा पहिल्या एसटीनं आले. प्रयोगशाळेत नाकाला उपरणं लावून त्यांनी एकेक नळी पाहिली.

“असल्या वासात इतकी वर्षं बसलीस तू?”

ती नळ्या उचलायला वाकली.

“बस जरा. मी उचलतो. कुठं टाकायचं तेवढं सांग.”

दोघांनी मिळून नळ्या रिकाम्या केल्या.

तिनं फक्त वरच्या थरांवर प्रबंध लिहिला. तो लहानसाच झाला, सरांची नाराजी राहिली, पदवी उशिरा मिळाली. आता ती वारणानगरला रसायनशास्त्र शिकवते. खालच्या थरांचं कुणी विचारलं तर म्हणते, “मोजेल कुणीतरी,” आणि फळा पुसायला वळते.