घरवाल्यांचा प्रश्न

जर्मनीतल्या विद्यापीठाशी आमचं बाकी सगळं जमलं होतं. जुन्या दगडी घरांच्या दुरुस्तीचा दोन वर्षांचा कोर्स. पहिलं वर्ष ग्वाल्हेरला, दुसरं त्यांच्याकडे, आणि शेवटी दोघांच्या शिक्क्यांची एकच पदवी. घोडं अडलं होतं तोंडी परीक्षेवर.

आमच्या विभागाची रीत अशी, की ही परीक्षा वर्गात होत नाही. विद्यार्थ्यानं ज्या घराचा अभ्यास केला त्याच घरात परीक्षक जातात, आणि शेवटचा प्रश्न तिथे राहणारी माणसं विचारतात. त्याचं उत्तर दिल्याशिवाय पास नाही. तिकडच्या प्राध्यापकांच्या मते मात्र परीक्षा म्हणजे बंद खोली, दोन परीक्षक आणि पाण्याचा ग्लास. बाहेरच्या माणसांचं तिथे काय काम, असं ते फार सभ्यपणे विचारायचे, आणि मला तो सभ्यपणाच झोंबायचा. अहो, बाहेरचे आपण. घर त्यांचं आहे. मी हट्टाला पेटले. मार्चमध्ये मी निवृत्त होणार होते, आणि त्याआधी करार झाला नाही तर माझ्यामागे ही फाइल कुणी उघडणार नाही हेही ठाऊक होतं. तरी ते कलम सोडवेना.

शेवटची ऑनलाइन मीटिंग ऑक्टोबर संपता संपता ठरली. त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपले दीड, हे आम्हाला तोंडपाठ. इस्त्रीचे कपडे घालून सगळे वेळेवर बसलो. पडद्यावर कोणी येईना. समोशांचा फडशा पडला तरी कोणी येईना.

"मॅडम, ते आता येत नाहीत," विभागप्रमुख म्हणाले. "तुमची जिद्द आपल्याला महंगी पडली."

मला रडू येत होतं, पण सवड नव्हती. सव्वादोनला जयेंद्रगंजातल्या एका घरात एका विद्यार्थिनीची तोंडी परीक्षा होती आणि परीक्षक मीच. फोनवर मीटिंग तशीच चालू ठेवून मी रिक्षात बसले.

मुलगी भिंतीतल्या चुन्याबद्दल आणि ओलीबद्दल छान बोलत होती. एवढ्यात माझ्या पर्समधून आवाज आला, "नमस्ते. आम्ही वेळेवर आहोत ना?" तिकडे आदल्याच रविवारी सगळ्यांनी घड्याळं तासभर मागे केली होती, म्हणजे त्यांचे दहा आता आपल्या अडीचला वाजत होते. हिवाळा आला म्हणून वेळ बदलायची, हे आमच्या सात पिढ्यांत कुणी केलेलं नाही.

परीक्षा मध्येच थांबवायची आमच्यात पद्धत नाही. फोन खिडकीत उभा करून मी म्हटलं, "बसा आणि बघा."

मुलीचं बोलून झालं. त्या घरातल्या काकू इतका वेळ कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या. आता त्यांची पाळी.

"बेटा, तुझं सगळं समझ आलं," त्या म्हणाल्या. "आता हे सांग, खिडकीतला कूलर काढला तर गर्मीत मी झोपू कुठे?"

मुलगी गडबडली. त्याच कूलरच्या पाण्यानं भिंत कशी खराब झाली, हे ती एवढा वेळ सांगत होती. तिनं खोलीभर नजर फिरवली. "काकू, अंगणाच्या दारात लावू. स्टँडवर, दीवार से थोड़ा हटा के. आणि खाट इकडे ओढली, तो हवा सीधी आप पर आएगी." तिनं खरोखरच खाट ओढली. काकू खाटेवर आडव्या झाल्या, कूस बदलून पाहिली आणि म्हणाल्या, "पास कर दो."

मी ते इंग्रजीत सांगितलं तसं फोनमध्ये हसू फुटलं. मग प्राध्यापकांनी मला विचारलं, "हा प्रश्न कोणत्या कलमात घालायचा?" मला इतका आनंद झाला की मी खाटेवरच्या काकूंनाच मिठी मारली.

पुढे पहिल्या तुकडीच्या परीक्षेला त्यांनी मला, निवृत्त बाईला, आग्रहानं बोलावून घेतलं. त्यांच्या गावातल्या एका जुन्या घरात आमचा विद्यार्थी सज्जाच्या दगडाबद्दल बोलला. बोलणं संपलं तसे प्राध्यापक गुण लिहायला लागले.

"थांबा," घरातली म्हातारी म्हणाली. "माझा प्रश्न राहिलाय."

प्राध्यापकांनी निमूट पेन बंद केलं. तिला विचारायचं होतं, सज्जावरच्या फुलांच्या कुंड्या आता कुठे ठेवू.