अंजिराचा तुकडा

त्या वर्षी बाळ कुठे दडवायचं ते एर्लिंदाने आधीच ठरवून ठेवलं होतं.

सहा जानेवारीला, येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचा सण. त्याच्या आदल्या दिवशी शिकागोच्या अठराव्या रस्त्यावरच्या बेकरीत गोड पावाची कडी वळता वळता बायकांचे हात गळून जातात. कड्यावर सुक्या फळांच्या पट्ट्या आणि पोटात बोटाएवढं प्लास्टिकचं बाळ येशू. ज्याच्या तुकड्यात बाळ निघेल त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना मक्याच्या पानात वाफवलेले तमाले खाऊ घालायचे. त्या दिवसापासून तो नात्यातला. बाई असेल तर कोमाद्रे म्हणायचं, आणि हे नातं सख्ख्या बहिणीच्या खालोखाल.

बाळ कुणाला निघावं ही देवाची मर्जी. एर्लिंदाने देवाला थोडा हात दिला. एका कड्यावर तिने एकच अंजीर ठेवलं आणि बरोबर त्याच्याखाली बाळ खुपसलं.

"हे कुणाचं?" बेकरीचे म्हातारे मालक वेन्सेस यांनी विचारलं.

"माझ्या पोरीच्या ऑफिसचं."

"त्या गोऱ्या वकिलांचं? बाई, कुणाचा दात तुटला तर माझी बेकरी लिहून घेतील ते."

"नाही तुटत हो. तुमच्या पावापेक्षा बाळ मऊ आहे."

संध्याकाळी घरी तिने कडं मुलीच्या, यारेलीच्या, हातात दिलं. "अंजिराचा तुकडा तुझ्या साहेबीणबाईंना दे हं. तोच सगळ्यात चांगला भाजलाय," असं तिने अगदी साळसूदपणे सांगितलं.

यारेलीची शाळा जरा निराळी होती. हातावर पोट असलेल्यांची पोरं कॉलेजात धाडायचीच, असा तिथल्या पाद्र्यांचा हट्ट. फी भरायची कुणाची ऐपत नाही, म्हणून चार पोरांत मिळून एक नोकरी. आठवड्यातला एकेक दिवस एकेकाने शहरातल्या कचेरीत काम करायचं आणि पगार परस्पर शाळेकडे जायचा. एकाच खुर्चीवर सोमवारी यारेली, मंगळवारी दुसरं कुणी. नोकरी टिकली तर शाळा टिकली.

पहिल्याच वर्षी ती टिकली नव्हती. मोठं माणूस बोलत असताना नजर खाली ठेवायची, हे एर्लिंदाने लेकीला बोलायला लागल्यापासून शिकवलेलं. त्या कचेरीने शाळेला कळवलं, मुलीला कामात रस दिसत नाही. मग शाळेने सगळा उन्हाळा तिला मान वर करायला शिकवलं. हात कसा घट्ट मिळवायचा, डोळ्यांत कसं बघायचं. तेव्हा कुठे मिसेस प्रुइट नावाच्या वकीलबाईंच्या कचेरीत, एकतिसाव्या मजल्यावर, तिला घेतलं. आता शेवटचं वर्ष होतं. त्या पहिल्या फजितीनंतर यारेलीने तिथे कुणाकडे टाचणीसुद्धा मागितली नसेल.

सोमवारी सकाळी कोट घालून पोर निघाली की एर्लिंदाला वाटायचं, ही आता आपली नाही. संध्याकाळी परत यायची तीही निराळाच आवाज घेऊन.

"कसं गेलं?"

"बरं."

"काय केलंस?"

"कागद स्कॅन केले, अमा."

संपलं. एर्लिंदाला किती विचारायचं असे. तिथे खिडक्या उघडतात का? दुपारी तुझ्याशेजारी कोण बसतं? हसतेस का तिथे? आभाळ स्वच्छ असलं की स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती इमारत दिसायची, आणि भांडी घासताना ती मजले मोजायचा प्रयत्न करून सोडून द्यायची. वर्षातून एकदा आईबापांना तिथे बोलावत. पण खालच्या दारात ओळखपत्र दाखवावं लागे, आणि एर्लिंदाकडे या देशात राहायचे कागदच नव्हते. त्या दिवशी दर वर्षी तिची दाढ दुखायची. नवरा तर छपरांच्या कामावर गावोगाव. त्याला विचारण्यात अर्थच नव्हता.

मेक्सिकोत, मिचोआकानमधल्या तिच्या गावी एका उंबऱ्यावरून हाक मारली की चार कोमाद्रे बाहेर येत. इथे इतकी वर्षं झाली, पण हक्काने दारात उभी राहील अशी एक बाई नव्हती. म्हणून ते अंजीर.

त्या सोमवारी यारेली आली तेव्हा एर्लिंदा दारातच उभी होती. "निघालं? कुणाला निघालं?"

"मिसेस प्रुइटना."

"अगं बाई! खरंच?" एर्लिंदाने छातीवर हात ठेवला. "आणि सांगितलंस ना त्यांना, काय करायचं असतं ते?"

"सांगितलं, अमा."

पोरीची नजर खाली होती. पण घरात ती खालीच असायची.

"मग? काय म्हणाल्या?"

"खूश झाल्या. बाळ टेबलावर ठेवलंय त्यांनी, कॉम्प्युटरपाशी."

टेबलावर! म्हणजे पत्करलं की. एर्लिंदाने त्या रात्री गावी आपल्या जुन्या कोमाद्रेला, तोन्याला, फोन लावला. "वकील आहे गं माझी कोमाद्रे. एकतिसावा मजला."

"बघ हं," तोन्या म्हणाली, "आता आम्हाला विसरशील. तमाले वकिलीणबाई स्वतः करणार की कोर्टातून मागवणार?"

पुढचे दिवस एर्लिंदाने घर घासून काढलं. सोफ्यावर नवी चादर आली. चर्चमधून परत येताना कुणी गोरी बाई दिसली की ती थबकायची. यारेली म्हणायची, "अमा, त्या फार कामात असतात." एर्लिंदा म्हणायची, "सणाला कुणी कामात नसतं."

दोन फेब्रुवारीला रविवार होता. बर्फ पडत होतं. दुपार झाली तशी यारेली उठली. "त्यांचा मेसेज आला. वर यायला वेळ नाही त्यांना, गाडीतूनच देतायत. मी खाली जाऊन आणते."

"अगं, मी पण येते, शाल घेते—"

"नको, अमा. घसरशील."

एर्लिंदा खिडकीशी गेली. कोपऱ्यावर तमाले विकणाऱ्या दोन्या चोलेच्या हातगाडीतून वाफ निघत होती आणि चार माणसं रांगेत उभी होती. चौथी यारेली, तिच्या सोमवारच्या कोटात. गाडी कुठेच नव्हती. एर्लिंदा पटकन मागे झाली आणि येऊन नव्या चादरीवर बसली. तिला राग आला नाही. फार एकटं वाटलं.

"हे घे," यारेली धापा टाकत म्हणाली. "त्यांनी खूप सॉरी म्हटलंय."

"काय घातलं होतं त्यांनी?"

"हिरवा कोट. लांब."

"आणि केस?"

"पांढरे. आखूड. रंगवत नाहीत, तसेच ठेवतात."

मग एर्लिंदा विचारत राहिली आणि यारेली सांगत राहिली. बाई चहात लिंबू पिळतात. फोनवर चिडल्या की चपला काढून टाकतात. खिडक्या उघडत नाहीत, पण तळं दिसतं, त्यावर बर्फ फुटतं तेही दिसतं. चार वर्षांत पोर जेवढी बोलली नव्हती तेवढी त्या एका दुपारी बोलली. एर्लिंदाने दोन्या चोलेचे तमाले खात सगळं ऐकून घेतलं. उठताना दोन तमाले फॉइलमध्ये गुंडाळले.

"उद्या त्यांना दे. दुसऱ्यांना वाटताना माणूस स्वतःला ठेवायला विसरतं."

यारेलीने ते पिशवीत ठेवले.

सोमवारी संध्याकाळी ती आली तीच हसत. "अमा, त्यांनी पानासकटच चावा घेतला! मक्याचं पान! मी ओरडले, अहो, सोला ते! मग दोन्ही खाल्ले. बोटं चाटली. विचारलं, कुणी केले? म्हटलं, माझ्या आईने."

"ते तर चोलेचे होते," एर्लिंदा म्हणून गेली.

यारेलीने पिशवी खाली ठेवली.

"तुला माहीत होतं?"

"घराला खिडकी आहे, बाळा."

"मी त्यांना सांगितलंच नव्हतं गं." यारेलीने मान वर करून सरळ आईच्या डोळ्यांत पाहिलं, तिचे डोळे भरले होते. "त्यांना वाटलं, बाळ म्हणजे भेट आहे. तमाले द्यायचे असतात म्हटलं तर मागितल्यासारखं झालं असतं. आपण मागतो असं त्यांना वाटायला नको होतं मला."

महिनाभर एर्लिंदा जिची वाट पाहत होती, त्या बाईला आपली कुणी वाट पाहतंय हे ठाऊकच नव्हतं. एर्लिंदाला रडू आलं, आणि तिने ते येऊ दिलं. मग पदरासारखी शाल डोळ्यांना लावून तिने विचारलं, "बाळ कुठंय?"

"तिथेच. रोज सकाळी त्याला गुड मॉर्निंग म्हणतात. नाव विचारलं मला. मी चुय सांगितलं."

हेसूस, म्हणजे येशू, नावाच्या पोराला घरात लाडाने मारतात तीच हाक. "गुड मॉर्निंग, चुय," एर्लिंदाने हळूच म्हणून बघितलं आणि हसली. खिडकीबाहेर त्या इमारतीचे दिवे लागले होते. जूनमध्ये शाळा संपणार होती, खुर्चीवर दुसरं कुणाचं पोर बसणार होतं, आणि यारेली दूरच्या कॉलेजात जाणार होती.

"निघताना त्याला मागून आणू नकोस हं," ती म्हणाली. "राहू दे तिथेच. आपलं कुणीतरी वर असू दे."

यारेली हो म्हणाली आणि कोट काढायला आत गेली.