कप्पूचे केस

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका सोमवारी कप्पूला घातलेली आंघोळ. कप्पू म्हणजे आमच्या देवळीतला काळा दगड. बायको मैंदर्गीकडची, तिकडं कन्नडात काळ्याला कप्पू म्हणतात. मी विहिरींना सुरुंग लावायचो, ती दगडमाती उपसायची. एकदा खडकाच्या पोकळीत गारगोट्या निघाल्या. सगळे पांढऱ्या चकचकीत खड्यांवर तुटून पडले. तिनं हा उचलला. एका अंगाला दगडाचेच काळे बारीक केस उभे. म्हणाली, महादेवाच्या जटा.

त्या सोमवारी मी दगड धरलेला, ती तांब्या ओतत होती.

"अवो, नीट धरा की! केसांवर पानी चाललंय. सुरुंगबी असाच धरत हुता व्हय?"

"असाच. दोन्ही हात हायत की अजून."

हळद समोरच्या अंगाला, केस भिंतीकडं. ही तिची रीत. त्याच आठवड्यात छातीत कळ आली आणि गेली बिचारी. तेव्हापासून कप्पूला पाणी लागलं नव्हतं.

गेल्या रविवारी पुण्याचा दगडांचा व्यापारी आला. शेजारच्या विहिरीवर कुणीतरी माझं घर सांगितलं. माणूस खरा जाणकार. हात लावायच्या आधी नुसता बघत बसला. मग डोळ्याला भिंग लावलं. बुडाची कड खरबरीत फरशीच्या तुकड्यावर ओढली. काळ्या दगडाची रेघ हिरवट उठली!

"ज्युलगोल्डाइट. फार दुर्मिळ खनिज," म्हणाला. माझ्या तोंडात काही ते नाव बसलं नाही.

"काका, एवढे लांब केस मिळत नाहीत. मिळाले तर मोडलेले असतात. इथं एकसुद्धा मोडला नाही. कुणी जपलं?"

"बायकोनं. जटंला बोट लावू द्यायची न्हाय कुनाला."

त्यानं भिंग खिशात ठेवलं. मग किंमत सांगितली. कुणी ऐकलं का म्हणून मी दाराकडं बघितलं.

"मी धुऊन घेतो. हळद निघाली की दुप्पट देतो."

"हळद तिची हाय."

"विचार करा," म्हणाला आणि नंबर देऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कप्पूला परातीत घेतलं. एका हातानं धरलं, दुसऱ्यानं तांब्या कलता केला. एका हातात दगड फिरला. पाणी थेट केसांत गेलं. दोन केस तुटून परातीच्या तळाशी बसले. इतक्या वर्षांत तिनं एक पडू दिला नव्हता.

पदराचं फडकं होतं तिचं, त्यानं दगड टिपला. मग फोन लावला.

"पावनं, घिऊन जावा. मला एकट्याला जपाया जमंना. किंमत अर्धी द्या. पन हळद धुवायची न्हाय."