शेवटचं पान

तळेघरहून निघालेल्या एसटीत माझ्या शेजारचा वनमजूर सारखा लोकांच्या पायांकडे बघत होता. जंगलात बिबट्याचे ठसे मोजता मोजता तो रहस्यकादंबरी लिहू लागला होता. तिच्यात रानाला वणवा लावणारा बुटाच्या ठशावरून सापडतो. वणवा खरा होता, ठसाही. वही गावभर फिरली होती; गुन्हेगाराच्या नावाचं शेवटचं पान मात्र कोरं होतं.

"नाव लिहा की! भिता कशाला?" मी तडकलो. माझ्या पिशवीत दोषींच्या नावानिशी छापलेली, कुणीच न वाचलेली पत्रकं होती.

"लिवलं तर काम जाईल, भाऊ. पर त्योच रोज घरी येतोय. इचारतो, शेवट काय केला राव?"

"मग?"

"आदी बूट घालून यायचा. आता अनवाणी येतो."

मंचर येईपर्यंत मीही पायच बघत होतो.