आमच्या घरचा ताप

आमच्याकडे चार माणसं जमली की तापाच्या गोष्टी निघतात. दुसऱ्यांच्या घरी लग्नांच्या, सहलींच्या निघत असतील. आम्ही फारसे कुठे गेलोच नाही. निघायच्या आदल्या दिवशी कोणीतरी फणफणायचंच. त्यामुळे किस्से साठले ते सगळे अंथरुणातले.

आम्ही म्हणजे बाबा, मी आणि धाकटा भाऊ मिलिंद. तिघांचं दुखणं एकच. महिन्या-दीड महिन्यातून सपाटून ताप, पोटात कळा, कधी घोटा सुजतो तर कधी गुडघा. असे तीन दिवस. मग माणूस उठतो आणि चहा मागतो, जणू काही झालंच नव्हतं. आई तेवढी धडधाकट. सगळ्यांची उस्तवार तिच्याकडे.

*

बाबा कसबा पेठेत एका छापखान्यात कटिंग मशीनवर होते. तीन दिवस आजारी आणि चौथ्या दिवशी ठणठणीत, हे मालकांना पटायचं नाही. एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "या. तुमचा ताप फार शिस्तीचा आहे हो. रजा संपली की उतरतो."

पुढच्या वेळी बाबा तापातच कामावर गेले आणि मालकांना म्हणाले, "हात लावून बघा." मालकांनी कपाळाला हात लावला आणि घाईघाईने रिक्षा मागवली. बाबांना आत बसवताना पुटपुटले, "खरंच आहे की."

बाबा अजून सांगतात, "सगळ्या नोकरीत मिळालेलं तेवढंच सर्टिफिकेट."

*

पोटातल्या कळांमुळे बाबांचं अपेंडिक्स काढलं. ऑपरेशननंतर सर्जन म्हणाले, अपेंडिक्स तर छान होतं. पुढे पुन्हा तशाच कळा आल्या, म्हणून बाबा पुन्हा त्यांच्याकडे गेले. त्यांनी पोट दाबून पाहिलं, टाके पाहिले, हात धुतले.

"आता माझ्याकडे काढण्यासारखं काही उरलं नाही," म्हणाले.

काही वर्षांनी दुसऱ्या हॉस्पिटलात मिलिंदचंही काढलं. तेही छान होतं.

*

शेवटी सदाशिव पेठेतल्या एका सांधेतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी आम्हा तिघांना एकत्र बसवून सगळं ऐकून घेतलं आणि जीन टेस्ट करायला लावली. "हा आनुवंशिक आजार आहे," त्या म्हणाल्या. "जंतू वगैरे काही नाही. शरीर आपलं आपणच पेटतं. भूमध्य समुद्राकाठच्या लोकांत जास्त दिसतो."

बाबा म्हणाले, "बाई, आमचा समुद्र अलिबागपर्यंतच."

आई ही बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. बाईंनी समजावलं, की दोष बहुधा दोन्हीकडून आलाय. आईच्या अंगात तो आहे, पण तिला त्रास देत नाही. बाबा, मिलिंद आणि मी तर खूश होतो. दुखण्याला नाव मिळालं होतं, आता कोणी नाटकं म्हणणार नव्हतं. परतताना रिक्षात आई मात्र म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी ज्याची उस्तवार केली, ते माझंच होतं."

*

औषध म्हणजे गाऊट नावाच्या सांधेदुखीवरची जुनी गोळी. रोज, जन्मभर. बाईंनी बजावलं होतं, "ताप नसतो तेव्हाही आत सूज धुमसत असते. ती किडनीवर जाते. बरं वाटत असलं तरी गोळी चुकवायची नाही."

तिघांच्या चिठ्ठ्या घेऊन मी औषधांच्या दुकानात गेले. दुकानदारांनी चष्म्यावरून पाहिलं. "गाऊट कोणाला आहे?"

"कोणालाच नाही."

मग मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बरे कधी होणार?"

"नाही होणार."

"मग होम डिलिव्हरी लावून घ्या," ते म्हणाले.

*

मिलिंदचं लग्न ठरत नव्हतं, कारण तो पहिल्याच भेटीत आजाराचं सांगून टाकायचा. वैशालीलाही सांगितलं, की महिन्यातले तीन दिवस मी कामाचा नसतो, आडवा असतो, चिडचिड करतो.

वैशालीने पोह्यांची बशी खाली ठेवली. "तीन दिवस ना? मीही असते," म्हणाली.

तिचे वडील खिडकीबाहेर बघायला लागले. लग्न ठरलं.

*

मिलिंद मार्केट यार्डात मिरचीच्या आडत्याकडे कामाला. गोळीने त्याचं पोट बिघडायचं, सारखं पळावं लागायचं, आणि गाळ्यापासून संडास लांब. त्याने गोळी बंद केली आणि कोणाला सांगितलं नाही. मधूनमधून ताप यायचा, पण तो तर आमच्याकडे गोळी घेऊनही अधूनमधून यायचाच. पायांवर सूज दिसली तेव्हा वैशाली त्याला ओढत बाईंकडे घेऊन गेली. किडन्या बऱ्याचशा गेल्या होत्या.

बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आधी सांगितलं असतंत तर डोस विभागून दिला असता. दुसरं औषधही आहे."

मिलिंद म्हणाला, "बरं वाटत होतं हो."

आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. बाबांना आणि मला हाच आजार, आईला शुगर. आमच्या किडन्या कोणी घेणार नव्हतं. वैशालीने सगळ्या तपासण्या करून घेतल्या. तिचीही जुळत नाही असं कळलं, तेव्हा ती हॉस्पिटलच्या जिन्यात बसून राहिली. उठेना. मिलिंद तिच्या शेजारी टेकला.

"जाऊ दे," म्हणाला. "बाकी सगळं जुळलंय आपलं."

*

त्यांची मुलगी सई, दुसरीत आहे. तिचीही टेस्ट करून घ्या, असं बाई सांगत होत्या. मिलिंद टाळत होता.

पावसाळा संपता संपता सई एका संध्याकाळी पोट धरून शाळेतून आली. अंग तापलेलं. आईने दूध गरम केलं आणि गॅसपाशीच उभी राहिली. बाबा सईचे घोटे चाचपत बसले, आधी एक, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. जवळच्या डॉक्टरांनी तापाचं औषध दिलं आणि दोन दिवस वाट बघायला सांगितलं. त्यांना काय माहीत, आम्ही कशाची वाट बघतोय ते. मिलिंद डायलिसिसला जाईना. वैशालीने त्याला अक्षरशः ढकलत नेलं. परत आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

तिसरा दिवस गेला. चौथ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे सईच्या भोवती. वैशालीने थर्मामीटर काढला आणि मिलिंदच्या हातात दिला. ताप एकशे तीन. उतरलाच नव्हता.

दुपारी सईला ॲडमिट केलं. प्लेटलेट्स घसरल्या होत्या. संध्याकाळी रिपोर्ट आला. तो कळल्यावर मिलिंद वॉर्डच्या दाराशी खाली बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. बाबा कुठे दिसेनात.

थोड्या वेळाने आले ते पेढ्यांचा बॉक्स घेऊन. शेजारच्या कॉटवरच्या पेशंटच्या आईला दिला, वॉर्डबॉयला दिला, सलाईन बदलणाऱ्या सिस्टरपुढे बॉक्स धरला.

सिस्टरने पेढा उचलला. "कशाचे हो, आजोबा?"

"नातीला डेंगी झालाय," बाबा म्हणाले. "घ्या, अजून एक घ्या."