पिक्चरमधल्या मढ्यासोबत डोंबिवलीला

पेणहून ठाण्याची एसटी वेळेवर सुटली. पिशवीत सुकट, तांदळाचे पापड आणि एक लुगडं जास्तीचं घेतलं होतं, कारण किती दिवस राहावं लागेल ते माहीत नव्हतं. धाकट्या भावाच्या, धर्माच्या बायकोचा, हिराचा फोन आला होता. त्याच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि तो जायला तयार नव्हता. "तुमचं ऐकतील, तुम्ही या," असं ती म्हणाली. धर्माने माझं आजवर कधी ऐकलेलं नाही. तरी निघाले.

मुंब्र्याच्या डोंगराखालून जाताना शेजारच्या बाईने विचारलं, "ठाण्याला कोण असतं?"

"भाऊ. पिक्चरमध्ये मेलाय तो."

ती जरा सरकून बसली.

खोपटला उतरून रिक्षा केली. कोपरी सांगितलं होतं, तरी त्याने स्टेशनच्या पश्चिमेलाच सोडलं. "आजी, पूल चढून उतरा, पलीकडे कोपरीच." उतरून पाहिलं तर रिक्षाच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'भरतीला आलास, ओहोटीला जाशील.'

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"मचवा पिक्चरमधलं, आजी. त्यातला व्हिलन बोलतो. तुम्ही नसेल बघितला."

"थोडा बघितलाय," म्हटलं, आणि पूल चढले.

आपल्या गावात हा पिक्चर फार जणांनी पाहिलेला नाही, म्हणून सांगते. मचवा म्हणजे मीठ वाहणारी मोठी होडी. मिठाच्या आडून चोरटा माल आणणारी टोळी, आणि त्यांची खबर देणाऱ्या माणसाचा खून, अशी गोष्ट. आमचं माहेर ठाण्याच्या बाळकुमला. वडील मिठागरात कामाला होते. पिक्चरवाले तिथे शूटिंगला आले तेव्हा मी बाळंतपणानंतर माहेरीच होते. मेलेल्याचं काम करणारा नट मुंबईहून आणला होता. त्याला मिठाच्या वाफ्यात पालथं पडायचं होतं. त्याने सकाळी गुळगुळीत दाढी केलेली. गालाला ते पाणी लागलं तसा तो उठला आणि गाडीत जाऊन बसला. मग दिग्दर्शकाने बांधावर उभ्या असलेल्या धर्माला पालथा पाडला. पाठीवरून माणूस कोण ओळखतो?

आम्हा बायकांना भोवती बसवून रडायला सांगितलं. सगळ्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. आमच्यात नाव घेतल्याशिवाय रडता येत नाही. मी विचारलं, मेलेल्याचं नाव काय? दिग्दर्शक म्हणाला, सुचेल ते घ्या.

त्याच आठवड्यात धर्माच्या डोक्याला कावळा शिवला होता. कावळा शिवला की मरण जवळ येतं असं मानतात. उपाय एकच, तो मेला असा खोटा निरोप नातेवाइकांकडे धाडायचा. ते रडले की मरण टळतं. मग खरं सांगायचं, आणि पाहुणे शिव्या घालत जेवून जातात. आई मागून म्हणाली, "धर्माचंच नाव घे. हितंच उरकून टाक, आत्याकडं निरोप नको."

म्हणून मी धर्माचं नाव घेऊन रडले. भाऊ पुढ्यात पडलेला, नाव त्याचं, रडणं चांगलं झालं. पिक्चर थेटरात चालला नाही. पुढे व्हिडिओवर आला, मग टीव्हीवर दुपारचा लागायला लागला आणि पोरांनी डोक्यावर घेतला. आता ठाण्यापासून कल्याणपर्यंत मॅच हरली की पोरं फोनवर माझं रडणं लावतात.

धर्माने मात्र ते मनाला लावून घेतलं. डोंबिवलीच्या रसायनाच्या कंपनीत वाफेने भाजला आणि वाचला, तेव्हा म्हणाला, आदल्या रविवारी टीव्हीवर बाय, म्हणजे मी, रडली होती. साप चावला आणि वाचला, तेव्हाही तेच.

कोपरीला पोचले तर तो खुर्चीत बसून बिनमिठाची आमटी खात होता. मिठागरातल्या माणसाला बिनमिठाचं, आणि तोंड तसंच झालेलं.

"कवा आलीस बाय?"

"आत्ता. ऑपरेशनला का जात नाहीस?"

"टीव्हीवर हल्ली पिक्चर लावत नाय. कोण रडलंच नाय माज्यासाठी कित्येक वर्सं. असा सुका कसा जाऊ?"

"फोनवर लाव की."

"त्यात काय जीव हाय? डबीतल्या माशीसारखा आवाज." मग त्याने खरं काढलं. त्या पिक्चरच्या वेड्यांनी जुनं रीळ साफ करून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी डोंबिवलीत मोठ्या पडद्यावर दाखवणार होते, आणि आम्हा दोघांना बोलावलं होतं. "तितं तुजं रडनं येकदा आयकतो. मंग न्या कुटं न्यायचं तितं."

हिरा स्वयंपाकघरातून म्हणाली, "देवाला सोडून हे पिक्चरला नवस बोलतात." पण तिने मला डोळ्याने खुणावलं, जाऊ दे म्हणून. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की आता थांबण्यासारखं नाही.

सकाळी गाडी घेऊन अनिकेत आला. रीळ साफ करून घेणाऱ्यांत हा पुढे. दाढीवाला, बोलायला गोड, धर्माच्या पाया पडला. आधी बाळकुमला नेलं. माझं माहेर कुठे होतं ते मला सांगता आलं नाही. मिठागर होतं तिथे टॉवर आहेत. एकाच्या नावात तळं आहे, तळं कुठे दिसलं नाही. वाईट वाटलं का असं अनिकेतने विचारलं. मी म्हटलं, नाही. त्या पाण्यात उभं राहून आईच्या पायांना भेगा पडायच्या, टॉवरात तेवढं तरी होत नसेल.

फाटकाबाहेर आठदहा पोरंपोरी जमलेली. एक जण फुटपाथवर पालथा पडलेला, बाकीचे फोटो काढत होते. वॉचमन काठी घेऊन आला.

"ए, उठो. गेट के सामने मरने का नहीं."

धर्मा पुढे झाला. "थांब रे भाऊ," वॉचमनला म्हणाला, आणि त्या पोराला, "हात पोटाखाली घे. बाहेर रायला तर मीठ खातं."

पोराने वळून पाहिलं, धर्माला ओळखलं आणि पडल्या पडल्याच नमस्कार केला. धर्माला इतका खूश मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

तिथून कशेळीवरून, माणकोलीच्या नव्या पुलाने डोंबिवलीकडे निघालो. पुलावरून खाडी चांगली दिसते. दोन्ही बाजूंना तिवरं, पाणी उतरलेलं, चिखलात बगळे. पूर्वी इकडून तिकडे जायचं तर दिवस मोडायचा. मी बघत होते, तेवढ्यात अनिकेत म्हणाला, "आजी, तुमच्या सीनला आता व्हायोलिन आहे."

"म्हणजे?"

"त्या रिळाचा आवाज गेलाय. बुरशी लागली होती. चित्र स्वच्छ आलंय, पण रडणं वाचलं नाही. फोनवरचा आवाज मोठ्या हॉलमध्ये पत्र्यासारखा वाजत होता. मग आम्ही म्युझिक टाकलं. छान झालंय."

पूल संपल्यावर धर्मा म्हणाला, "गाडी फिरव."

"काका, अहो..."

"फिरव. व्हायोलिनवर मी काय जगू?"

मी म्हटलं, "आलोय तर जेवून जाऊ. हिराच्या आमटीपेक्षा बरं मिळेल." तो थांबला तो जेवणासाठी. पण मला कळलं होतं, आता हा ऑपरेशनला जात नाही.

डोंबिवलीत जेवण चांगलं दिलं. बिरड्याची उसळ, पोळी, भात. उसळीत गूळ जरा जास्त. धर्माने लोणच्याला हात घातला, मी काढून घेतलं. मग हॉलमध्ये नेऊन पुढे बसवलं. हॉल भरला होता. पोरं होती, नोकरीवाले होते, माझ्या वयाच्या बायकाही होत्या. पिक्चर सुरू झाला आणि व्हिलनच्या आधी पोरंच बोलायला लागली. पिक्चर बघायला आलेत की पाठ म्हणायला, कळेना.

मग मिठाचा वाफा आला. धर्मा पालथा, तरुण, पाठ नुसती चकाकत होती. भोवती आम्ही. मी तोंड उघडलं आणि व्हायोलिन वाजलं. धर्माने मान खाली घातली.

मागून कुणीतरी म्हणालं, "धर्मा, उठ रे..."

दुसऱ्याने माझ्या रडण्यातलं पुढचं धरलं. मग सगळ्या हॉलने. "भरती आली रे, बांधाला कोन जाईल रे, तुजी भाकर टोपल्यात तशीच हाय रे." व्हायोलिन ऐकूच येईना. एवढी माणसं माझ्या भावाचं नाव घेऊन रडत होती. काही जण हसत रडत होते, काही नुसतेच. धर्माने मान वर केली.

पण ते घाई करत होते. रडणं घाईचं काम नाही. प्रत्येक नावानंतर श्वास घ्यावा लागतो, नाहीतर ती आरती होते. मला राहवेना. भाकरीपासून मीच धरलं, माझ्या चालीने. शेजारची रांग गप्प झाली, मग मागची, मग सगळेच. शेवटपर्यंत मी एकटीच होते. आवाज आता फाटलेला आहे, तरी पोचला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रडण्याला टाळ्या, हे मला काही पटलं नाही. धर्माने बाहीने नाक पुसलं आणि म्हणाला, "चल. न्या आता."

ऑपरेशन झालं. मी बाहेर बाकावर हिराजवळ बसले होते. हिरा रडली, मी नाही. माझं झालं होतं. तो शुद्धीवर आला, बोलायला लागला, बिनमिठाच्या पेजेवरून नर्सशी भांडला, तेव्हा मी पिशवी भरली.

कावळ्याचं मला खरं वाटत नाही. वाचवलं ते डॉक्टरने. पण डॉक्टरपर्यंत त्याला पायांनी चालत नेलं ते त्या हॉलमधल्या लोकांनी, आणि त्यांतल्या एकाचंही नाव मला माहीत नाही.

निघताना त्याला म्हटलं, "मी तुझ्याहून मोठी. आता माझ्यासाठी रडायची सवय कर."

"मना नाय येत," धर्मा म्हणाला. "मना पिक्चरवाल्यांनी नुसतं पडून राहायला शिकवलंय."