व्याहीबुवांचा बर्फ

उभ्या सुरतेत कोसळणाऱ्या हिमकड्याला आमच्या व्याहीबुवांइतकं घाबरणारं कुणी नाही, आणि व्याहीबुवांनी हिमकडा अजून पाहिलेलाच नाही. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा जावई, हिमाचलात घाटातला बर्फ हटवणाऱ्या यंत्रांवर इंजिनिअर आहे. माझी मुलगी खालच्या गावात शिकवते. ती दोघं तिकडे गेल्यापासून रोज सकाळी सातला भेस्तानहून व्याहीबुवांचा मला फोन येतो. हिमकड्याचा धोका एक ते पाच आकड्यांत. "विहीणबाई, आज तीन शे," म्हणजे आज तीन आहे, एवढं खानदेशी थाटात सांगून ते ठेवून देतात. मी आकडा कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्याशेजारी लिहिते.

अभ्यास मात्र पक्का. घरातल्या जुन्या फ्रिजमध्ये साचलेला बर्फ हा त्यांचा डोंगरउतार. सुरीनं उभा छेद घेऊन ते भिंगातून थर बघतात. "खाली साखरेसारखा भुसभुशीत, वर जड. हाच घात करतो!" त्यांच्या पत्नीला तो बर्फ वितळवायची परवानगी नाही. "माझे मटार दिवाळीपासून गाडले गेलेत, त्यांना कोण काढणार?" असं त्या मला विचारतात.

पर्वत पाटिया भागातल्या ज्या गोदामात ते साड्यांचा हिशेब ठेवतात, तिथे त्यांनी एकदा खाली सुती, मध्ये सॅटिन आणि वर भरजरी असा गठ्ठा उतरत्या फळीवर रचून धोक्याची चाचणी घेतली. दहा थापा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. तेविसाव्या थापेला सॅटिनवरून सगळ्या भरजरी साड्या घसरल्या त्या थेट चहा पिणाऱ्या शेठवर. "आ शुं करो छो?" हे काय चालवलंय म्हणून शेठ ढिगाच्या आतून ओरडले. "शेठ, हलू नका, तोंडापुढे हवेला जागा ठेवा!" व्याहीबुवांनी बजावलं आणि उपसायला घेतलं.

धोक्याची जागा एका वेळी एकानंच ओलांडायची, बाकीच्यांनी त्याच्यावरून नजर काढायची नाही, हा त्यांचा लाडका नियम. कामरेजला लग्नाला जाताना आम्हा नऊ जणांना त्यांनी हायवे असा ओलांडायला लावला. पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. आइस्क्रीम उरलं होतं. ते त्यांनी चमच्यानं ठोकून पाहिलं.

गेल्या जानेवारीत मात्र "आज चार" म्हणाले आणि फोन ठेवलाच नाही. जावई वर निघाला होता. "बाबा, तुम्ही सुरतेत बसून मला बर्फ सांगता?" म्हणून हसला होता. मग त्याचा फोन लागेना. मी डबा घेऊन भेस्तानला गेले, तर व्याहीबुवा उघड्या फ्रिजसमोर स्टुलावर. ओरडावं म्हटलं, पण मीही शेजारी बसले. संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिथल्या एका म्हाताऱ्या मजुरानं जावयासकट सगळ्यांना सकाळीच वळणावर थांबवलं होतं. दुपारी कडा रिकाम्या रस्त्यावर आला.

"त्याचा आकडा किती होता?" व्याहीबुवांनी विचारलं.

"आकडा नाही हो, बाबा," मुलगी म्हणाली. "नुसतं म्हणाला, आज नको."

व्याहीबुवांनी उठून स्वतःच फ्रिजचं बटण बंद केलं. दुसऱ्या दिवशी मटार निघाले.

मे महिन्यात मुलगी-जावई दोघं येऊन गेली. परत निघताना स्टेशनवर जावई म्हणाला, "बाबा, चला ना डब्यापर्यंत." व्याहीबुवा खांबाशीच उभे राहिले. "तुम्ही जा. आम्ही बघतोय." गाडी गेली, रूळ रिकामे झाले. मला रिक्षा गाठायची होती, पण व्याहीबुवांची नजर हलली नव्हती. नियम तो नियम, म्हणून मीही बघत राहिले.